आलूच्या पानांना हळद

इंदूकाकू. जगात मी सगळ्यात जास्त ऋणी कोणाचा असेन तर तिचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे बटाट्यांबद्दल बोलायला मोकळा झालो.

ती माझ्या धाकट्या काकांची बायको. आमच्या गावातली शाळा चौथीला संपायची, म्हणून आई-बाबांनी मला मारेगावच्या बाजूला काकांच्या गावी ठेवलं. दहावी-बारावी तिथूनच झाली. पुढे पुसदला कृषी महाविद्यालयात गेलो तरी सुट्टीत एसटीतून उतरायचो ते काकूच्याच अंगणात. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नव्हती. कुठे सत्कार झाला, चार शब्द बोलायची वेळ आली, की मी आई-बाबांचं नाव घेतो, गुरुजींचं घेतो. ते खरंच असतं. पण जिभेवर पहिलं येतं ते काकूचं नाव, आणि तिने वाढलेल्या जेवणाची आठवण त्यामागे असते असं नाही. त्यामागे एक हिवाळा असतो.

परवा सकाळी कळंबला माझ्या खोलीची खिडकी उघडली तर चिंतामणीच्या देवळाचा कळस दिसेना. धुई पडली होती. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर वाळायच्या ऐवजी पुन्हा ओली झाली होती. अशा सकाळी माणसाला आल्याचा चहा आठवावा. माझा हात मात्र खिडकीतल्या कुंडीकडे गेला. मी एक पान उलटं केलं आणि त्याच्या खालच्या बाजूला पांढरी लव आली आहे का ते बघू लागलो. कुंडीत तुळस होती. तुळशीच्या पानाखाली आपण बटाट्याचा करपा रोग शोधतोय हे लक्षात आलं आणि एकट्यालाच हसू आलं. मग दिवसभर तो हिवाळा माझ्यासोबत फिरत राहिला.

आमच्याकडे बटाट्याला आलू म्हणतात. आलू आठवडी बाजारातून यायचा, आणि तो बाहेरूनच यायचा असतो हे सगळ्या गावाने धरून ठेवलं होतं. वावरं कापसाची, तुरीची, सोयाबीनची. काकूला मात्र बाजारातला आलू धुताना त्याला चिकटलेली माती बोटांनी चोळून बघायची सवय होती.

"हे पाह्य बाबू," ती मला म्हणायची, "भुरकी माती हाये. आपल्या नाल्याकाठच्या तुकड्यात अशीच हाये. मंग आपल्याइकडं काहून नाही पिकत?"

तो तुकडा विहिरीला लागून होता. बाकीचं वावर काळं, चिकट, पावसात चप्पल ओढून घेणारं. पण नाल्याने वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या गाळामुळे तेवढी जमीन हलकी झाली होती. काका तिथं दर हिवाळ्यात हरभरा पेरत.

"आलू?" काका हसले होते. "कापूस सोडून तुले काय सुचून राह्यलं व?"

"चुलीवर कापूस नाही शिजत," काकू म्हणाली.

काका तसे मनाने मोठे. हसता हसता त्यांनी तुकडा देऊन टाकला, पण एका बोलीवर. "एक हिवाळा तुहा. आलू साधला त तो तुकडा तुह्यापाशीच राहू दे, जे पेराचं ते पेर, मी तोंड घालणार नाही. नाही साधला, त मंग माह्या हरभऱ्याले वाकडं नाही बोलाचं."

ऐकणाऱ्याला ही नवरा-बायकोची थट्टा वाटली असती. मी तिथं चुलीपाशी बसलो होतो, मला काकूचा चेहरा दिसला. लग्न होऊन आल्यापासून ती त्या वावरात राबत होती. निंदण तिचं, वेचणी तिची, तुरीच्या शेंगा झोडपणं तिचं. पण कशात काय पेरायचं, हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. जिथे आपला शब्द चालेल असा एक तुकडा पहिल्यांदाच तिच्या हाताशी आला होता आणि तो एका पिकावर टांगलेला होता.

दिवाळी झाली तसं बेणं आणलं. मोठे आलू कापताना प्रत्येक फोडीला डोळा राहिला पाहिजे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. काकूने पहिल्याच फोडीत ते हाताला शिकवून टाकलं. सऱ्या पाडल्या. हिरवे कोंब वरंब्यावर दिसले तेव्हा ती रोज कामाला जाताना वाट वाकडी करून तिकडून जायची. पोपटी, मऊ, जराशी केसाळ पानं. त्यांचा एक वास असतो, कच्च्या टमाट्याच्या झाडाच्या जवळ जाणारा. हाताला लागला की भाकरी खातानाही येतो. अजूनही तो वास आला की मला दुपारची भूक लागते.

आमचं बघून नाल्यापलीकडच्या देवरावभाऊंनीही थोडं बेणं लावलं. शेजारी म्हणजे चांगला माणूस, फक्त धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहून बोलल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे.

माझी परीक्षा होऊन मी पुसदहून आलो तेव्हा झाडांनी सऱ्या झाकायला घेतल्या होत्या. मार्गशीर्षातली थंडी होती, पण दोन-तीन दिवसांपासून आभाळ भरून यायचं आणि सकाळी धुई उतरायची. मला कॉलेजातली एक तासिका आठवली. बटाट्याचा करपा असल्याच हवेत येतो. थंडावा, ओल आणि ढग. बुरशीचं बी डोळ्याला न दिसता वाऱ्यावर येतं, ओल्या पानावर बसतं, आणि एकदा आत शिरलं की वरून मारलेल्या साध्या औषधाला ते दाद देत नाही. म्हणून औषध पानावर आधीच हवं. डाग दिसण्याच्या आधी.

हे मी घरी सांगितलं. काका उठून सरळ वावरात गेले. मी मागोमाग. त्यांनी कपाशीत बघतात तसं वाकून एकेक पान उलटं केलं, उन्हाकडे धरलं, तुडतुडे शोधले, मावा शोधला. आयुष्यभर कपाशीत त्यांनी तेच केलं होतं. आधी किडा बघायचा, मग पंप उचलायचा. आणि कपाशीपुरतं ते बरोबरच होतं.

"किडा दाखव बरं मले," ते म्हणाले.

"काका, किडा नाही. बुरशी असते. आणि ती अजून आली नाही."

"आली नाही?"

"नाही."

"मंग मारून कोणाले राह्यला तू?"

मी पुस्तकातलं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून काकू आली होती. "पावसाच्या आधी घरावरचे कवेलू फेरता ना तुम्ही? का गळाची वाट पाह्यता?"

"मागच्या साली फेरले तरी गळलं."

"तुम्ही फेरले म्हून गळलं," काकू म्हणाली आणि मला म्हणाली, "बाबू, तू सांग. मी मारते."

फवारणी हा शब्द आमच्या जिल्ह्यात कोणी हलक्या आवाजात उच्चारत नाही. फवारताना माणसं आजारी पडल्याच्या बातम्या प्रत्येक गावाने ऐकलेल्या आहेत. म्हणून पंप मी काकूच्या हाती दिला नाही; तिने मला मारू दिलं. आणि तेही तिच्या अटींवर. काकांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. मी पंप पाठीवर घेतला की ती धुऱ्यावर उभी राहून सारखी ओरडायची, "वाऱ्याइकडं पाठ कर! बाबू, पाठ!" घरी आल्यावर अंगणात साबण आणि गरम पाण्याची बादली तयार. माझे कपडे ती वेगळ्या टोपल्यात टाकायची आणि वेगळे धुवायची.

औषध पिवळसर भुकटीचं होतं. ते पानांवर वाळलं की पानं पिवळी-पांढरी दिसायची. पहिल्या दिवशी ते बघून काकू खूश झाली. "हयद लागली पाह्य पोरीहिले," ती म्हणाली. तेवढ्यात नाल्यापलीकडून देवरावभाऊंचा आवाज आलाच.

"काय वहिनी, निरोग्या लेकराले सुई टोचून राह्यल्या का?"

"तुमच्या लेकराले ताप आला की मले सांगजा," काकूने उलट हाक दिली.

त्याच दिवशी दुपारी पाऊस आला. मोबाईलवर नव्हता, पंचांगात नव्हता, कोणाच्या बोलण्यातही नव्हता. टपोरा, तिरपा, थंडीतला पाऊस. मी गोठ्याच्या छपराखालून बघत होतो. पानांवरची सगळी हळद सऱ्यांमध्ये उतरली आणि पिवळट पाणी वाहत नाल्याकडे गेलं.

संध्याकाळी काका जेवायला बसले. "चांगलं झालं," ते म्हणाले. "औषध नाल्याले पाजलं. आता नाल्याले करपा येत नाही." ते वाईट मनाने बोलले नव्हते, पण मला ते लागलं. मी ठरवून टाकलं, सकाळच्या गाडीने पुसदला परत जायचं. पुस्तकातलं पुस्तकात बरं. आपल्या शब्दावर काकूने घराशी वाद घातला, शेजाऱ्याच्या तोंडाला लागली, आणि पहिल्याच पावसात सगळं वाहून गेलं. आता तिच्याकडे बघायचं कसं?

काकूने माझ्या ताटात भाकर टाकली. रोज टाकते तशीच. आणि म्हणाली, "बाबू, आता परत केव्हा?"

एवढंच. आवाजात राग नव्हता, धीर देण्याचाही सूर नव्हता. उद्या दूधवाला किती वाजता येईल, हे विचारावं तसं विचारलं.

आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, माझं शिक्षण खरं त्या प्रश्नापासून सुरू झालं. तोवर मी परीक्षेत उत्तरं देत होतो; तपासणारे गुण देत, कमी-जास्त. माझ्या उत्तरावर कोणी स्वतःचं काही ठेवलेलं नव्हतं. इथे एका बाईने आपला एकुलता एक तुकडा माझ्या सांगण्यावर ठेवला होता, ते सांगणं पावसात वाहून गेलेलं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरी ती पुढची वेळ मलाच विचारत होती. मी पहिल्यांदाच नीट विचार केला.

"पानं कोरडी झाली की लगेच," मी म्हणालो. "ओल्या पानावर मारलं तर थांबत नाही. आणि या वेळी औषध पानाला धरून राहील असं चिकट द्रावणही टाकू."

मग आम्ही पानं कोरडी व्हायची वाट बघितली. त्या हिवाळ्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे थांबणं. सकाळी धुई इतकी की विहिरीवरची बाभूळ दिसायची नाही. कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटी वाजायची, पण बैल दिसायचा नाही. हरभऱ्याच्या वावरातून आंबट वास यायचा. कपाशीत बोंडं फुटलेली आणि दवाने जड होऊन खाली मान घातलेली. आम्ही धुऱ्यावर पालापाचोळा पेटवून बसायचो. काकू मधूनच उठायची, सरीत शिरायची आणि पदराच्या टोकाने एका पानावरून हलकेच पुसायची, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं. मग टोक बोटात धरून चाचपायची.

"ओली हाये अजून."

परत येऊन बसायची. परत उठायची. दुसरा दिवसही तसाच गेला. "हे सूर्यनारायण पुसदले गेले का काय तुह्या कॉलेजात?" असं ती मला विचारायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ढगात एक फट पडली, वारा सुटला, काकूने पदर लावून बघितला आणि तो मला दाखवला. कोरडा. मी पंप पाठीवर घेतला. या वेळी पानांच्या वरून आणि खालूनही मारलं, अगदी बुडापर्यंत. ती धुऱ्यावरून ओरडत होतीच, "वाऱ्याइकडं पाठ!"

त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघं सऱ्यांमधून फिरायचो. पाणी सकाळीच आणि बेतानं द्यायचं, संध्याकाळी नाही, म्हणजे रात्रभर ओल राहणार नाही. आणि मग नाल्याकडच्या सखल कोपऱ्यात ते दिसलं. पानाच्या कडेला काळपट, पाण्याने भिजल्यासारखा डाग. पान उलटं केलं तर डागाच्या कडेने पांढरी लव, दुधावर धरते तशी बारीक.

काका त्या दिवशी स्वतः आले, हातात कपाशीच्या किडीच्या औषधाची उरलेली बाटली घेऊन. "आता आला ना रोग? आता मारतो." काकूने त्यांच्या हातातून बाटली घेतली, घरी नेली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. "हे किड्याचं हाये," ती म्हणाली. "बुरशीले किड्याची दवाई म्हंजे सर्दीले पायाचं मलम."

कोपऱ्यातली आजारी झाडं आम्ही पोत्यात भरून उपटली आणि लांब खड्डा करून पुरली. पोतं बांधताना काकू म्हणाली, "राह्यलेले वाचले पाहिजे बाबू." तुकडा तसा मोठा नव्हता, तिच्या आवाजात तो खूप मोठा होता.

आणि त्याच दिवसांत नाल्यापलीकडे देवरावभाऊंचे आलू गेले. बघता बघता. आज कडेला डाग, उद्या अर्धं झाड काळं, परवा सगळं वावर उकळतं पाणी ओतल्यासारखं खाली बसलेलं. सडलेल्या पानांचा वास नाल्यावरून आमच्याकडे यायचा. देवरावभाऊ धुऱ्यावर उभे असायचे, पण बोलत नव्हते. ते न बोलणं आम्हाला कुणालाच आवडलं नाही. काकूनेही उत्तर म्हणून ठेवलेलं एखादं वाक्य असेल, ते गिळून टाकलं.

काका पलीकडे गेले आणि बराच वेळ त्या काळ्या वावरापाशी उभे राहिले. मग येऊन माझ्यासमोर हात पुढे केला. "आत जाऊन काम करते ते औषध असते म्हणे. कोणतं आणू? चिठ्ठीवर लिहून दे." मी नाव लिहून दिलं. काकांनी चिठ्ठी खिशात घातली, मोटारसायकल काढली आणि मारेगावला गेले. त्या आठवड्यात विहिरीचं पाणी ड्रमात भरून द्यायला तेच उभे होते. फवारणी झाली, मी हातपाय धुऊन अंगणात आलो, तर काका खाटेवर बसून सुपारी कातरत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता परत केव्हा?"

आतून काकू हसल्याचा आवाज आला.

पाला कापून टाकला आणि आलूंची साल पक्की व्हायला ते थोडे दिवस मातीतच ठेवले. मग कोरड्या दिवशी काढणी. कुदळीने वरंबा फुटला की आतून पिवळे गोल आलू उघडे पडायचे, आणि काकू प्रत्येक आलू हातात घेऊन अंगठ्याने त्याची माती चोळायची, बाजारात करायची तशीच. कोपऱ्यातले काही आतून तपकिरी निघाले, ते फेकले. बाकीचे चांगले होते. एक टोपलं देवरावभाऊंकडे गेलं. "वहिनी, पुढच्या साली मलेही वेळेवर सांगजा," ते म्हणाले. "सांगीन," काकू म्हणाली, "पण वाऱ्याइकडं पाठ करा लागते."

त्या संध्याकाळी आम्ही चुलीच्या आरात भाजलेले आलू मीठ-तिखट लावून खाल्ले. बोटं पोळत होती. जेवता जेवता काका कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "पुढच्या साली हरभरा मोठ्या वावरात घेऊ. तिकडं जागा हाये."

काकूने मान वर केली नाही. तव्यावरची भाकर उलटली, आणि ती फुगेपर्यंत बघत राहिली.

तेव्हापासून तो तुकडा तिचाच आहे. आलू दर हिवाळ्यात असतात; त्यांच्या कडेला एकदा तिने लसूण लावला, एकदा कोथिंबीर, कोणाला विचारलं नाही. मी आता कृषी सहायक आहे. कळंबच्या आसपासची गावं माझ्याकडे. मोबाईलवर रोज काळ्या पानांचे फोटो येतात, खाली लिहिलेलं असतं, साहेब, काय मारू? बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मी तरी उत्तर देतो, आणि पुढच्या हिवाळ्यासाठी लवकर विचारा असंही सांगतो. कधी माझा अंदाज चुकतो, पाऊस येतो. तेव्हा लोक चिडतात, आणि त्यांचंही बरोबर असतं. पण कधीतरी एखादी बाई किंवा एखादा पोरगा फोन करून विचारतो, साहेब, परत केव्हा? त्या गावाला मी जरा जास्त वेळा जातो.

काल काकूचा फोन आला. फोनवर ती अशी ओरडते जसं काही कळंब नाल्यापलीकडे आहे. "बाबू, अभाय आलं! धुई पडून राह्यली! केव्हा मारू?" मी सांगायला लागलो तर म्हणाली, "फोनवरचं ध्यानात नाही राहत. कागदावर लिहून धाड. तुह्या काकांले दाखवा लागते, नाहीतर ते म्हणतात मनचंच सांगते." तिची चौथी झालेली आहे, बोट ठेवून सावकाश वाचते. म्हणून जरा मोठ्या अक्षरात लिहिलं आणि आजच्या डाकेने पाठवलं.

ती. इंदूकाकूस,
साष्टांग नमस्कार. हसू नको, शाळेत असंच लिहायला शिकवलं आहे.

काकांना दाखवायचा भाग आधी लिहितो. आभाळ आलं आहे, पण डाग नाही, म्हणून पहिलं औषध पिवळ्या भुकटीचंच. दव उडून पानं कोरडी झाल्याशिवाय नाही. तुझा पदर लावून बघ, त्याच्याहून चांगलं यंत्र आमच्या ऑफिसात नाही. पानांच्या खालूनही लागलं पाहिजे. ढग आहेत तोवर पाणी कमी, आणि सकाळीच. नाल्याकडचा कोपरा रोज बघायचा. काका, कपाशीची बाटली कपाटातच राहू द्या.

आता तुझ्यासाठी. पंप तू उचलायचा नाहीस. काकांच्या गुडघ्यालाही तो झेपायचा नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतो. तो जुना शर्ट धुऊन ठेव, आणि धुऱ्यावर उभी राहून ओरडायला तू ये. तू ओरडली नाहीस तर मला वाऱ्याची दिशा कळत नाही.

लोक मला साहेब म्हणतात, विचारतात, माझं ऐकतात. हे सगळं ज्या संध्याकाळी सुरू झालं, त्या संध्याकाळी तू फक्त भाकर वाढत होतीस, तुला आठवतही नसेल. मला आठवतं. तेव्हा मी तुला काही बोललो नाही, म्हणून आज लिहितो आहे.

शनिवारी मारल्यावर पाऊस आलाच आणि सगळं धुऊन गेलं, तर ताटावर बसल्यावर मला विचार. मी पळून जाणार नाही.

तुझा,
बाबू